हवेचा काटा

नोकरीची बत्तीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढे एक काटा होता. एसटीच्या डॅशबोर्डवरचा, ब्रेकच्या हवेचं प्रेशर दाखवणारा. सकाळी गाडी चालू केली की आधी त्याच्याकडे बघायचं. हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. इंजिन घुरघुरत राहायचं, काटा सावकाश चढायचा, मागे माझा जोडीदार म्हणजे कंडक्टर तिकिटांचा ट्रे लावत बसायचा आणि खिडकीजवळचा एखादा आजोबा विचारायचाच, "काऊन जी, निंगत काऊन नाही गाडी?" काटा जागेवर आला की जोडीदाराची डबल बेल, आणि आम्ही गणेशपेठेतून बाहेर.

तेवढ्याच इमानाने मी माझ्या रक्ताचं प्रेशर कधी पाहिलं नाही. तपासण्या झाल्या नाहीत असं नाही. कागदावर आकडे यायचे, मी सही करायचो आणि चहाला जायचो. निवृत्त झालो ५८व्या वर्षी. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला मानेवाडा रोडवर एका मंडपात रक्तदान शिबिर होतं, तिथे हौसेने गेलो. सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली.

"काका, तुम्ही जरा बसा."

१६८/१०२. मी म्हटलं, उन्हातून चालत आलो म्हणून असेल. दहा मिनिटं कूलरसमोर बसवलं आणि पुन्हा पाहिलं. १६४/१००. माझं रक्त घ्यायचं राहिलंच, मलाच लिंबू सरबत पाजून घरी पाठवलं. बायकोने आकडा ऐकला आणि एवढंच म्हणाली, "मी सांगून सांगून थकली. त्या खर्र्याने झालं हे."

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून एकजीव होईस्तोवर घोटलेला. रात्रीच्या गाडीवर झोप येऊ नये म्हणून सुरू केला. झोप मग दिवसाही येईनाशी झाली. तंबाखूतलं निकोटिन नाडी वाढवतं आणि रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे प्रत्येक पुडीमागे काटा थोडा वर. दिवसाला सहा पुड्या धरा.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, इको केला. इकोच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या. हृदयाचा डावा खालचा कप्पा, जो सगळ्या शरीराला रक्त ढकलतो, त्याची भिंत जाड झालेली. आणि 'ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन'. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं निम्मं काम दाबायचं आणि निम्मं सैल पडायचं. सैल पडतं तेव्हाच त्यात रक्त भरतं. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध ढकलून ढकलून स्नायू जाड आणि ताठ होतो, मग पटकन सैल पडत नाही. मला ते लगेच कळलं. गाडीचा ब्रेक धरून राहतो तसं. पाय काढला तरी लायनर पूर्ण सुटत नाही, गाडी चालते पण ओढत, आणि ड्रम तापतो.

त्याच रिपोर्टवर 'ईएफ ६० टक्के' असंही लिहिलं होतं. ईएफ म्हणजे भरलेल्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा. माझे साडू चष्मा लावून वाचत होते, त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे चाळीस टक्के गेलं?" त्यांनी बायकोच्या देखत विचारलं, आणि पुढचे दोन दिवस घरात सुतकासारखं वातावरण. असं काही नसतं. भरलेल्या कप्प्यात समजा १२० मिली रक्त आहे, त्यातलं एका ठोक्याला ७०च्या आसपास बाहेर पडतं, बाकी आत राहतं. चांगल्या हृदयाचंही शंभर टक्के कधीच नसतं. साठ म्हणजे पास नव्हे, फर्स्ट क्लास. साडूंना हे पटायला आठवडा लागला.

चालायला लावायच्या आधी डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे चालवून हृदय तपासायची चाचणी, करून घेतली. छातीवरचे केस भादरून दहा ठिकाणी तारा चिकटवल्या आणि सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. सुरुवात १० टक्के चढाने, मग १२, मग १४. मी सिस्टरला म्हटलं, ताई, १४ टक्क्यांचा चढ मी एसटी घेऊन कधी चढलो नाही. ती म्हणाली, काका, बोलू नका, समोर बघा. २२० मधून वय वजा केलं की १६१, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १३७, तिथपर्यंत नाडी न्यायची होती. आठ मिनिटांच्या पुढे पिंडऱ्या जळायला लागल्या. पट्टा दंडालाच होता. मी तिरकं पाहिलं, १९६/९०. म्हटलं, संपलं.

डॉक्टर मात्र निवांत. चढावर इंजिन जोर लावणारच, म्हणाले. पाय जास्त रक्त मागतात, बसल्या जागी मिनिटाला पाच लिटर टाकणारं हृदय मेहनतीत पंधरा-वीस लिटरपर्यंत जातं, म्हणून वरचा आकडा चढतो. पण त्याच वेळी पायांच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून खालचा आकडा तिथेच राहतो किंवा किंचित उतरतो. माझा सुरुवातीला ९२ होता, शेवटी ९०. "वरचं चढलं त्याचं काही नाही. खालचंही सोबत चढलं असतं तर मी तुम्हाला असं हसून बोललो नसतो." चाचणी निर्धोक निघाली. एक गोळी सुरू झाली आणि चालायची परवानगी मिळाली. परवानगी कसली, हुकूमच.

दुसऱ्या दिवसापासून रेशीमबागेचं मैदान. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत धाप लागली. बत्तीस वर्षांत लाखो किलोमीटर गेलेला माणूस मी, पण सगळे बसून. खर्रा मी त्याच आठवड्यात सोडला, खरं सांगायचं तर दोनदा सोडला, मधले अकरा दिवस पुन्हा सुरू होता.

लॉगशीट भरायची सवय हाडात मुरलेली, म्हणून एक वही केली. तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी, शेरा. शेऱ्यात काहीही असतं, 'झोप कमी', 'साडू आले', 'लग्नात जेवलो, पापड तीन'. पहिले दोन महिने मी रोज फिरून आल्या आल्या मोजायचो आणि आकडा मस्त यायचा. १२६, १२४. पुण्याला मुलगी नर्स आहे, तिला फोनवर ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही उतारावर गाडी सोडून ॲव्हरेज काढून राहिले." व्यायाम थांबल्यावर काही तास प्रेशर नेहमीपेक्षा खालीच राहतं, रक्तवाहिन्या लगेच आवळल्या जात नाहीत. खरा आकडा हवा असेल तर सकाळी, चहाच्या आणि गोळीच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला ठेवून, दोनदा मोजायचं. आणि बोलायचं नाही. तसं मोजलं तर १४४. ऐट गेली.

पण मला या सगळ्यात खरी मजा आली ती नाडीची. प्रेशर गोळीनेही उतरतं, माझ्या गोळीने नाडीला मात्र हात लागत नव्हता. पहिल्या पानावर नाडी ८४ आहे. सहाव्या महिन्यात ६६. मी हिशेब केला. मिनिटाला १८ ठोके कमी, तर दिवसाला २५,९२०. म्हणजे इंजिन तेच काम करतंय आणि दिवसाला सव्वीस हजार फेरे कमी फिरतंय. कुठल्याही डेपोतल्या मेकॅनिकला हे सांगा, तो चहा टाकून उठेल.

हे कसं होतं ते मुलीने समजावलं. शरीराला बसल्या जागी लागणारं रक्त तेच, मिनिटाला पाचेक लिटर. ७० मिलीचा ठोका असेल तर ७२ ठोके लागतात. ठोका ८४ मिलीचा झाला तर ६० पुरतात. ठोका मोठा होतो कारण नियमित मेहनतीने आधी रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, हे दहा-पंधरा दिवसांतच सुरू होतं, मग हृदयात रक्त जास्त भरतं, भरलेला स्नायू ताणला जातो आणि ताणलेला स्नायू जोरात आवळतो. वर्षानुवर्षं धावणाऱ्यांचा कप्पाच आतून मोठा होतो. शिवाय हृदयाला आवर घालणारी जी नस आहे तिचा जोर वाढतो आणि पळ पळ म्हणणारीचा कमी होतो. गाडीत सिलिंडर मोठा करायचा तर इंजिन उतरवून बोअर करावं लागतं. इथे रोजचं चालणं ते काम थोडंथोडं करतं, आणि गाडी चालू असतानाच.

दाबाचं गणित वेगळं. दाब म्हणजे किती रक्त वाहतं गुणिले वाटेत अडथळा किती. व्यायामाने उतरतो तो मुख्यतः अडथळा. रक्त जोरात वाहिलं की नळीच्या आतल्या अस्तराला घासतं, आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने नळी सैल पडते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधणाऱ्यांना १९९८ साली नोबेल मिळालं. डिझेलच्या धुरातही हाच वायू असतो. मी ते वाचून बराच वेळ हसत होतो. ज्या धुरात उमर गेली त्यातलाच एक माल आतून निघाला तर औषध.

आता कोणी म्हणेल, १६८चे १३२ झाले, सगळं चालण्याने. नाही. बीपी असलेल्या माणसाचं चालण्या-पळण्यासारख्या व्यायामाने वरचं साधारण पाच ते आठ अंक उतरतं, असं मुलगी सांगते. माझे ३६ उतरले. त्यात गोळी आहे, खर्रा आहे, बायकोने डब्यातून काढून टाकलेलं लोणचं आहे, आणि निवृत्तीनंतर रात्रीची मिळणारी झोप आहे. कोणाचा किती वाटा हे मला सांगता येणार नाही, आणि मैदानावर जे छातीठोक सांगतात त्यांच्याकडेही लॉगशीट नसते. आमच्या मैदानावर एक गृहस्थ सगळ्या गोळ्या बंद करून फक्त चाला असं सांगत फिरतात. मी त्यांच्या उलट्या दिशेने फेऱ्या मारतो.

दुसऱ्या वर्षी एक फजिती झाली. नवतप्याचे दिवस, आदल्या रात्री लग्न, त्यामुळे मैदानावर पोचायला साडेआठ झाले. नागपुरात मे अखेरीस साडेआठला ऊन कसं असतं ते मी सांगायला नको. तरी हट्टाने पाच फेऱ्या झपाट्याने मारल्या आणि शेवटच्या फेरीतून सरळ गेटबाहेरच्या पोह्याच्या गाडीवर जाऊन थांबलो. पोहेवाल्याने प्लेट दिली, वर तर्री सोडली, लाल तवंग पोह्यांमध्ये उतरताना मला दिसला, आणि मग तवंगाच्या कडा काळ्या होत गेल्या. पुढचं आठवतं ते हे की मी उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसलो आहे, चपलेत गरम तर्री आहे, आणि पोहेवाला माझ्या डोक्यावर पाणी ओतत म्हणतोय, "काका, डोळे उघडा न जी, पैसे नका देऊ."

घरी मोजलं तर ९८/६०. डॉक्टरांनी मला चांगलं फैलावर घेतलं. मेहनतीने पायांतल्या नळ्या रुंद उघडलेल्या असतात. चालत असताना पिंडऱ्या दाबल्या जाऊन रक्त वर ढकलत असतात. एकदम उभं राहिलं की तो पंप बंद, रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं. त्यात घामाने पाणी गेलेलं, आणि माझ्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध. शेवटची फेरी सावकाश मारायची, मग बसायचं, असं त्यांनी सांगितलं, उन्हाळ्यापुरती गोळी बदलून दिली आणि वर बजावलं की हा बदल त्यांनी केला आहे, पुढच्या वर्षी मी माझ्या मनाने करायचा नाही.

मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटली सांगू? टर्बोची गाडी लांबून पळवत आणली की लगेच बंद करायची नाही, दोन-चार मिनिटं स्लोवर ठेवायची आणि मगच चावी फिरवायची, हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेल. स्वतःचं इंजिन मात्र टॉप गिअरमधून डायरेक्ट बंद.

पुतण्याने मग ऊन नको म्हणून जिममध्ये नेलं. तिथे पायाने वजन ढकलायचं एक मशीन आहे. मी दात-ओठ खाऊन, श्वास रोखून ढकललं. कानात घुंई असा आवाज. शिकवणारा पोरगा धावत आला, "काका, श्वास सोडा, श्वास सोडा!" त्याचं बरोबर होतं. १९८५ साली पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून त्यांना असंच दोन्ही पायांनी जड वजन ढकलायला लावलं होतं. सरासरी दाब निघाला ३२०/२५०, आणि एकाचा तर ४८०/३५०च्या वर. क्षणभराचाच, पण मी तो आकडा वाचून पुतण्याला फोन केला की उद्या येत नाही. वजनाचा व्यायाम वाईट नाही. हलकं घ्यायचं, ढकलताना श्वास सोडायचा, हळूहळू त्यानेही दोन-चार अंक उतरतात. मला तिथलं गाण्यांचं धडधड सहन होत नव्हतं, हेही एक कारण.

त्याऐवजी मी खुर्ची करतो. लाकडाची नव्हे, शाळेतली. गृहपाठ नाही केला की गुरुजी भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, हवेत बसवायचे ती. ही शिक्षा आता औषध झाली आहे. २०२३ साली २७० प्रयोगांचे निकाल, पंधरा हजारांहून जास्त माणसांचे, एकत्र करून पाहिले तर वरचं प्रेशर उतरवण्यात अशा न हलता जोर धरून ठेवायच्या व्यायामांनी चालण्या-पळण्यालाही मागे टाकलं. सरासरी आठ अंक, आणि त्यातही भिंतीची खुर्ची सगळ्यांत पुढे. दोन मिनिटं बसायचं, दोन मिनिटं विसावा, असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. डॉक्टरांना विचारून सुरू केलं, गुडघे फार वाकवत नाही, श्वास चालू ठेवतो. पहिल्या दिवशी चाळीस सेकंदांत मांड्या थरथरायला लागल्या आणि काटोलजवळच्या शाळेतले गुरुजी हुबेहूब डोळ्यांपुढे उभे राहिले. नात समोर बसून सेकंद मोजते, आणि मुद्दाम हळू मोजते.

एक शंका राहते. पॉवर स्टीअरिंग नसलेल्या जुन्या गाड्यांचं चाक धरून ठेवणं हा असाच व्यायाम नव्हता का? त्या हिशेबाने माझं प्रेशर ९०च्या पुढे जायला नको होतं. मुलगी म्हणते, बाबा, त्यासोबत सहा पुड्या पण होत्या.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यू झाला. पाच आठवडे मैदान बंद. वही पाहिली तर नाडी ६६ची ७८, वरचं १३२चं १४६. सहा महिन्यांची कमाई पाच आठवड्यांत गेली. दुःख करत होतो तर मुलीने अमेरिकेतल्या डॅलसचा किस्सा सांगितला. १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची दम टिकवायची ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पन्नाशीची झाल्यावर पुन्हा तपासली, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. मग त्यांना सहा महिने व्यायाम दिला तर वयाने गेलेली ताकद परत आली. हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी दोन फेऱ्या मारून आलो. दोनच, धाप लागून.

त्याच सुमारास दुसऱ्यांदा इको झाला. भिंत होती तेवढीच जाड, 'ग्रेड वन' तसंच. ईएफ ६२, साडू खूश. मी जरा हिरमुसलो. डॉक्टर म्हणाले, वीस वर्षांत ताठ झालेलं दीड वर्षात मऊ होईल ही अपेक्षा ठेवू नका. वाढलं नाही, हे बघा.

आता माझ्या जोडीदाराचं. त्याच्याशिवाय हे संपत नाही.

मुलीने मला लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास वाचून दाखवला होता. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर, साल १९५३. लंडनच्या डबल डेकरवर ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर दिवसाला सहाशेच्या आसपास पायऱ्या चढणारा. एकाच बसमधली, एकाच पगाराच्या आसपासची माणसं, पण हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. कंडक्टरांना झालाच तर उशिरा आणि सौम्य. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी दाखवणारं हे पहिलं मोठं काम मानतात. मला ते वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे दोष माझा नव्हता, सीटचा होता.

मी मोठ्या उत्साहाने जोडीदाराला सांगितलं. तोही निवृत्त, नंदनवनला राहतो, आणि भरती झाला तेव्हाची ३२ची पँट अजून घालतो. माझी कंबर ३०ची ३८ झाली. तो म्हणाला, "मग! बत्तीस वर्सं उभा हावो मी. आम्हा कंडक्टर लोकाइले नसते बीपी-फीपी."

मी त्याला गोष्टीचा पुढचा भाग सांगितला नाही. मॉरिस प्रामाणिक माणूस. तीन वर्षांनी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच बसवाल्यांच्या गणवेशाची मापं काढली. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होती, आणि ती तरुण वयातही मोठीच होती. म्हणजे सीटने माणूस बिघडवला, की मुळात तसलाच माणूस सीटवर जाऊन बसला? प्रश्न इतका सरळ नव्हता, हे त्यांनी स्वतःच छापलं. ते स्वतः व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले.

जोडीदार आता माझ्यासोबत मैदानावर येतो. निघताना अजून तोंडाने "टण् टण्" करतो. त्याची चाल माझ्यापेक्षा तेज, पण प्रेशर मोजायचं म्हटलं की विषय बदलतो. गेल्या रविवारी मी मशीनच पिशवीत घालून नेलं. फिरायच्या आधी त्याला बाकावर बसवलं, पट्टा बांधला. तो बोलायचा थांबेना. कोंढाळीला एकदा बकरी गाडीत चढली होती, तिचं अर्धं तिकीट फाडलं की पूर्ण, ती गोष्ट.

"गप बस न जी पाच मिनिटं."

"मी गप बसलो की मलेच भेव लागते."

तरी बसला. पट्टा फुगला, सैल झाला. १५८/९४. मी काही बोललो नाही, पुन्हा बटण दाबलं. १५४/९४. त्याने मशीन हातात घेतलं, उलटं करून बॅटरीचं झाकण पाहिलं, परत माझ्याकडे दिलं.

"तो लंडनचा डॉक्टर काय बोल्ला होता म्हने कंडक्टरचं?"

"कमी असते म्हणाला होता. नसते असं नाही म्हणाला."

त्याने शर्टाच्या खिशातून खर्र्याची पुडी काढली, हातावर धरून पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली. मग उठला. त्या दिवशी "टण् टण्" मला करावं लागलं.